अडलंय कुठं?

इंजिनिअरिंग कॉलेजात प्रसिद्धीचं काम कुणाच्या गळ्यात पडतं, याचा एक अलिखित नियम आहे: ज्याच्या रजेच्या अर्जातल्या वेलांट्या बरोबर असतात, तो सापडतो. मी मेकॅनिकलचा. मशीन डिझाइन आणि मॅन्युफॅक्चरिंग शिकवतो. निवृत्त होणाऱ्या रजिस्ट्रारांचं मानपत्र लिहून दिलं, ते सभागृहात वाचलं गेलं, दोघातिघांनी डोळे पुसले आणि थोड्याच दिवसांत ‘समन्वयक, प्रसिद्धी व वार्तापत्र समिती’ असा आदेश माझ्या टेबलावर येऊन पडला. समिती म्हणजे मी, लायब्ररीतल्या एक मॅडम आणि बरा मोबाइल असलेला सेकंड इयरचा एखादा पोरगा. पोरगा दरवर्षी बदलतो. मॅडम आणि मी तेच.

कॉलेज कोल्हापूर-सांगली पट्ट्यातलं. १९८३ मध्ये राज्य सरकारनं विनाअनुदानित इंजिनिअरिंग कॉलेजांना वाट मोकळी केली, त्या लाटेत माळावर उभं राहिलेलं. आधी पत्र्याचं वर्कशॉप आलं, मग इमारत, मग झाडं. इतकी वर्षं विद्यापीठाशी नुसते संलग्न होतो, आता स्वायत्त झालो. म्हणजे अभ्यासक्रम आमचा, पेपर काढणार आणि तपासणार आम्ही, पदवीवर शिक्का मात्र विद्यापीठाचा. आमच्या भागात इंजिनिअरिंग कॉलेजच्या भिंतींत जन्मलेलं नाही, हे इथं सांगून ठेवायला हवं. किर्लोस्करवाडीचा कारखाना १९१० चा, आणि कोल्हापूरच्या उद्यमनगरात म्हादबा मेस्त्रींचं नाव आजही आदरानं घेतात. त्यामुळं आमच्या मुलांचे वडील, मामा, चुलते यांतलं कुणी ना कुणी लेथवर, फाउंड्रीत नाहीतर पंपाच्या दुकानात असतंच. ही माणसं कॉलेजची बातमी वाचतात ती ‘पोरं करतात काय?’ एवढंच बघायला. आणि आमच्या बातमीत नेमकं तेवढंच नसायचं.

पेपरला पाठवायच्या बातमीचा साचा मला आयताच मिळाला होता. पहिल्या ओळीत कार्यक्रम उत्साहात पार पडायचा. मग प्रमुख पाहुणे, संस्थेचे अध्यक्ष, सचिव, खजिनदार, विश्वस्त, प्राचार्य, विभागप्रमुख, स्वागत कुणी केलं, प्रास्ताविक कुणी केलं. ज्या मुलांनी रोबो केला किंवा पुलाचं मॉडेल भार देऊन मोडेपर्यंत तपासलं, त्यांची नावं ‘यावेळी’च्याही पुढे, तळाला. आणि डेस्कवर जागा कमी पडली की बातमी खालून कापतात. छापून येताना विश्वस्त मंडळ पूर्ण हजर, रोबोवाले गायब! मुलं पेपर विकत घेऊन यायची आणि माझ्याकडे न बघता निघून जायची.

मी ओळखीच्या एका बातमीदाराला गाठलं. तो चहा पीत म्हणाला, “सर, वर काय लिहायचं ते तुम्ही ठरवता. आम्ही फक्त खालून कापतो.” पटलं. पुढच्या बातमीत मी मुलं वर घेतली आणि मान्यवर खाली. छापून आलं, मुलं खूष, आणि साडेदहाला एका विश्वस्तांचा फोन प्राचार्यांना. शेवटी तोडगा लायब्ररीतल्या मॅडमनी काढला. मान्यवरांची नावं फोटोच्या ओळींत, डावीकडून क्रमानं. मजकुरात फक्त काम. फोटोओळ सहसा कापत नाहीत, त्यामुळं वरची मंडळी निर्धास्त झाली. हा साचा आजही चालू आहे आणि तालुक्यातल्या दोन-तीन कॉलेजांनी उचललाय, असं मॅडम अभिमानानं सांगतात.

कॉलेजचं वर्ष बातम्यांच्या बाजूनं पाहिलं तर २१ जूनच्या योग दिनानं उघडतं. मग प्रवेशाच्या फेऱ्या, नव्या मुलांचं इंडक्शन, १५ सप्टेंबरचा अभियंता दिन, थंडीत कुठल्यातरी गावात एनएसएसचं सात दिवसांचं शिबिर, फेब्रुवारीत टेकफेस्ट आणि गॅदरिंग, मार्चपासून प्रोजेक्टची पळापळ. मध्येमध्ये प्लेसमेंटचे फ्लेक्स लागतात; त्यावर मुलाच्या चेहऱ्यापेक्षा पॅकेजचा आकडा मोठा असतो. या सगळ्याचं लिहिणं म्हणजे फारसं काही नाही. पाहुणा आणि तारीख बदलली की झालं.

गोची सुरू झाली ती मूल्यांकनाच्या फेऱ्यांपासून. भारत जून २०१४ मध्ये वॉशिंग्टन कराराचा कायम सदस्य झाला. इथल्या मान्यताप्राप्त इंजिनिअरिंग पदवीला करारातले इतर देश समकक्ष मानणार, त्यासाठी एनबीएचं मानांकन महत्त्वाचं. शिवाय नॅक. नॅकच्या सात निकषांत विद्यार्थ्यांचे उपक्रम, विस्तारकार्य यांना गुण आहेत, आणि गुण म्हटले की पुरावा आला: परिपत्रक, उपस्थितीपत्रक, अहवाल आणि जिओटॅग केलेला फोटो, म्हणजे ज्याच्या कोपऱ्यात अक्षांश-रेखांश, तारीख आणि वेळ उमटते तो. मागण्यात गैर काही नाही. आमच्याकडे १९८३ पासूनच्या कितीतरी गोष्टींचा कागद नव्हता. पहिल्या बॅचच्या मुलांची यादीसुद्धा धड नव्हती. ती या निमित्तानं झाली, याचं श्रेय द्यायलाच हवं. अट एवढीच होती की जे केलं ते दाखवा. पुढचा सोहळा आमचा आम्ही वाढवला.

एका योग दिनाला सगळं मैदान वृक्षासनात उभं असताना फोटोवाल्या पोराच्या लक्षात आलं की लोकेशन बंद आहे. तोवर शवासन होऊन, मंडळी उठून, केळी वाटप चालू झालं होतं. समन्वयकांनी माइकवरून सगळ्यांना परत बोलावलं. एका हातात केळं धरून काही प्राध्यापक पुन्हा एका पायावर उभे राहिले. तो फोटो आमच्या अहवालात आहे, आणि अक्षांश-रेखांश अगदी बरोबर आहेत.

हळूहळू असं झालं की ज्याचा फोटो नीट निघतो ते उपक्रम वाढत गेले. वृक्षारोपण, व्याख्यान, शपथ, रॅली. ज्याला दिवसचे दिवस लागतात, ज्यात कपडे काळे होतात, जे संपलं कधी हे नीट सांगता येत नाही, त्याला रकाना नव्हता.

याचा सगळ्यात मोठा नमुना २०१९ च्या पुरात बघितला. त्या ऑगस्टमध्ये पंचगंगेचं पाणी राजाराम बंधाऱ्यावर पंचावन्न फुटांच्या वर गेलं. तिथं धोक्याची पातळी ४३ फूट आहे. शिरोलीजवळ महामार्गावर पाणी आलं आणि पुणे-बंगळूर वाहतूक कित्येक दिवस ठप्प होती. आमचं कॉलेज माळावर असल्यानं आजूबाजूच्या गावांतली माणसं सभागृहात आली, हॉस्टेलची मेस दिवसरात्र चालली. त्याच्या बातम्या आल्या, त्या पेपरवाल्यांनीच केल्या. पण खरं इंजिनिअरिंग सुरू झालं ते पाणी उतरल्यावर.

पाणी उतरलं तसे शेतकरी ट्रॉल्यांतून मोटारी घेऊन यायला लागले. नदीकाठच्या, विहिरीवरच्या, पाच आणि साडेसात एचपीच्या, गाळानं भरलेल्या. गावातल्या रिवायंडिंगवाल्यांकडे रांग लागली होती, आणि मोटार भरून घ्यायची म्हणजे हजारोंचा खर्च, तोही ऊस पाण्यात गेलेल्या माणसाला. इलेक्ट्रिकलच्या विभागप्रमुख मॅडमनी मशीन लॅब रिकामी करून घेतली. म्हणाल्या, बुडालेली प्रत्येक मोटार भरायची गरज नसते, आणा इकडं.

पहिल्या मोटारीवर पाण्याचा पाइप सोडला, तेव्हा तिचा मालक ओरडलाच, “अवो, पाण्यात बुडालेली मोटार आन् परत पाण्यानंच धुताय व्हय!” मॅडमनी त्याला बसवून समजावलं. पाण्यापेक्षा गाळ वाईट. वायंडिंगच्या वेढ्यांत मातीचा थर वाळून बसला की तो ओल धरून राहतो, आणि चालू केली की तिथंच शॉर्ट होतं. म्हणून आधी मोटार खोलायची, रोटर बाहेर काढायचा, बेअरिंग वेगळी करायची, स्टेटर स्वच्छ पाण्यानं माती निघेपर्यंत धुवायचा आणि मग सुकवायचा. सुकवायला भट्टी नव्हती. वर्कशॉपमधल्या मामांनी जुन्या पत्र्याच्या कपाटांना आडवं पाडून त्यात दोनशे वॉटचे बल्ब लावले, वर आणि खाली भोकं पाडली. खालून कोरडी हवा आत, वरून दमट हवा बाहेर. कपाटाचं दार उघडलं की ओल्या वार्निशचा आणि नदीचा वास यायचा.

मग मेगर. तिसऱ्या वर्षाच्या मुलांनी हे यंत्र प्रॅक्टिकलला पाहिलेलं होतं. एकदा दांडा फिरवायचा, आकडा लिहायचा, जर्नल पूर्ण. इथं तो दांडा सकाळ-संध्याकाळ फिरत होता. वायंडिंग आणि बॉडी यांमध्ये ५०० व्होल्ट लावून इन्सुलेशनचा रोध मोजायचा. धुतल्या-धुतल्या काटा शून्याला चिकटलेला. दुसऱ्या दिवशी थोडा हलायचा. मध्येच कधी कधी रोध आणखी खाली यायचा, कारण तापल्यावर आत दडलेली ओल पसरते. मुलं घाबरायची, मॅडम म्हणायच्या, थांबा, अजून एक रात्र. एक मेगओहमच्या वर गेल्याशिवाय मोटारीला लाइन द्यायची नाही, हा नियम. एका मुलीनं प्रत्येक मोटारीवर खडूनं नंबर टाकला आणि लॅब असिस्टंटच्या जुन्या डेडस्टॉक रजिस्टरच्या मागच्या बाजूला तक्ता आखला: गाव, नाव, एचपी, सकाळचं रीडिंग, संध्याकाळचं रीडिंग, शेरा. शेऱ्याच्या रकान्यात एक गोष्ट पुन्हा पुन्हा येत होती. ज्यांनी घरीच ‘चालतीय का बघू’ म्हणून स्टार्टर दाबला होता, त्यांच्या मोटारी जळलेल्या. ज्यांनी हात लावला नव्हता, त्यांतल्या बऱ्याचशा वाचल्या. हा शेरा वाचून मुलांनी हातानं चिठ्ठ्या लिहून गावोगावी पाठवल्या: बुडालेली मोटार चालू करू नका, आधी आणा.

याची बातमी मी पाठवली नाही. त्या दिवसांत कुणाला सुचलंही नाही. पुढं मूल्यांकनाचा अहवाल जुळवताना मी तो उपक्रम घालू म्हटलं. परिपत्रक निघालं नव्हतं. उद्घाटन झालं नव्हतं. फोटो होते, पण मोबाइल चिखलाच्या हातांनी धरलेले, लोकेशन बंद. आमच्याच समितीतले एकजण म्हणाले, “पुरावा बसत नाही.” मी ते रजिस्टर समोर ठेवलं. त्यांनी चाळलं आणि म्हणाले, “सर, हे उलट्या बाजूनं लिहिलंय.” शेवटी विस्तारकार्याच्या यादीत ‘पूरग्रस्तांना मदत, एक दिवस’ अशी ओळ गेली, कारण एका दिवसाच्या, ब्लँकेटवाटपाच्या फोटोवर तारीख होती. रजिस्टर मी माझ्या कपाटात ठेवलंय. कॉलेजच्या इतिहासाचा एवढा चांगला कागद दुसरा नाही, असं माझं मत आहे.

त्या रजिस्टरमुळं मला एक दिसलं. त्यातली सगळी किंमत ‘शून्य’ लिहिलेल्या रीडिंगमध्ये होती. सगळे आकडे चांगलेच असते तर तो तक्ता कुणाच्या उपयोगाचा नव्हता. आणि आम्ही मात्र वार्तापत्रात शून्य कधीच छापत नव्हतो.

ते छापायची संधी बाहामुळं आली. बाहा म्हणजे विद्यार्थ्यांनी स्वतः बनवलेल्या, एकाच्या बैठकीच्या, खडकाळ रस्त्यावर पळणाऱ्या गाडीची स्पर्धा. एसएई इंडिया ती २००७ पासून भरवते आणि इंदूरजवळचं पीथमपूर हे तिचं जुनं ठिकाण. पेट्रोलवाल्या सगळ्या संघांना दहा अश्वशक्तीचं एकाच कंपनीचं, एकाच प्रकारचं इंजिन. त्यामुळं फरक पाडायचा तो बाकीच्या गाडीत. आमची मुलं वर्षभर वर्कशॉपात राबली. रोल केजचे पाइप जिथं एकमेकांना भिडतात तिथं माशाच्या तोंडासारखी खाच घासावी लागते; ती बसेना की पाइप वाया. जोडणीची रोजची भांडणं, वर्गणी, घरच्यांचे फोन, सगळं झालं आणि गाडी पीथमपूरला गेली.

तिथं ब्रेक टेस्ट असते. गाडी वेगात आणायची, पेडल दाबायचं, चारही चाकं लॉक होऊन गाडी सरळ थांबली पाहिजे. आमची तीनच व्हायची. पुढचं डावं फिरत राहायचं. पोरांनी ब्रेकची हवा काढली, ऑइल बदललं, पॅड घासले, परत रांगेत उभी राहिली. परत तीन. ही परीक्षा पास झाल्याशिवाय चार तासांच्या मुख्य शर्यतीत उतरता येत नाही. शर्यतीच्या दिवशी आमचा संघ इतरांना पाणी आणि पाने पुरवत पिटमध्ये बसून होता.

गाडी ट्रकमधून परत आली. मामांनी कुणाला काही विचारलं नाही. एका पोराला सीटवर बसवलं, स्वतः गाडीच्या नाकाशी आडवे झाले, हात आत घातला आणि म्हणाले, “दाब.” त्यानं पेडल दाबलं. “सोड. परत दाब.” मग उठून हात पुसत म्हणाले, “पेडल ज्या पट्टीवर बसवलंय ती पट्टीच वाकतीय. तुझा सगळा जोर तिथं खर्च होतोय, ऑइलला काय पोचणार?” मुलांनी पेडलचं गणित केलं होतं, मास्टर सिलिंडरचं केलं होतं, डिस्कचं केलं होतं. पट्टीचं नव्हतं केलं. वजन वाचवायला ती तीन मिलिमीटरची घेतली होती. पुढची दोन सर्किटं वेगळी असल्यानं आणि डावीकडच्या नळीत आधीच थोडी कसर असल्यानं, दाब कमी पडला की पहिलं तेच चाक सुटायचं.

मी हे जसंच्या तसं लिहिलं. पट्टीचं रेखाचित्र दिलं, जाडी दिली, मुलांची नावं दिली. प्राचार्यांनी प्रूफ बघितलं आणि चष्मा काढला. “सर, नापास झाल्याची बातमी लावायची?” माणूस चांगला आहे, उगाच आडवा येणारा नाही, पण त्यांची काळजी खरी होती. आमच्यासारख्या कॉलेजात प्रवेशाच्या फेरीत जागा भरल्या नाहीत तर पगार हलतात. पालक वेबसाइट बघतात, अंक चाळतात. मुलं म्हणाली, आमची नावं काढू नका, आम्हीच केलंय. शेवटी बातमी चौथ्या पानावर, खालच्या बाजूला, मथळ्याशिवाय जाईल असं ठरलं. मी त्यावर बारीक टाइपात ‘अडलंय कुठं?’ एवढंच टाकलं.

वार्तापत्र माजी विद्यार्थ्यांना पोस्टानं आणि मेलनं जातं. आतापर्यंत त्यावर येणारे प्रतिसाद म्हणजे अंगठे आणि ‘अभिमान वाटतो’. चौथ्या पानावर मात्र फोन आले. शिरोली एमआयडीसीत शॉप असलेल्या जुन्या विद्यार्थ्यानं विचारलं, पट्टी पाच मिलिमीटरची करून खाली रिब का नाही दिली? रविवारी या, मशीन मोकळं असतं, कापून देतो. पुण्यात ब्रेकच्या कामात असलेल्या एकीनं पेडलपासून चाकापर्यंतच्या गणिताची शीट पाठवली आणि खाली लिहिलं, वाकणाऱ्या भागांचा रकाना शेवटी आहे, तो आधी भरा. इचलकरंजीच्या एका गॅरेजवाल्यानं, जो आमचा विद्यार्थीही नव्हता, पुतण्याकडून अंक वाचून निरोप धाडला की डाव्या नळीचं वळण फार तीव्र आहे, चित्रातच दिसतंय. वर्षानुवर्षं आम्ही बक्षिसांच्या बातम्या छापल्या, त्यावर कुणी मशीन देऊ केलं नव्हतं. साहजिक आहे. सगळं छान चाललंय असं कळवल्यावर माणूस मदतीला कशाला येईल?

तेव्हापासून तो रकाना दर अंकात असतो. सुरुवातीला विभागांकडून काही यायचंच नाही. अडलंय असं लिहून द्यायला विभागप्रमुख तयार नसतात. त्यांच्या लेखी विभागात सगळं सुरळीत चालू असतं, फक्त निधी कमी असतो. म्हणून मी मुलांनाच गाठायला लागलो, प्रोजेक्टच्या टेबलाशी उभं राहून. बऱ्याचदा असं व्हायचं की अडचण सांगता सांगता मुलालाच उत्तर सापडायचं आणि माझा रकाना रिकामा राहायचा. चालायचंच.

अभियंता दिनाची कथाही इथंच सांगतो. १५ सप्टेंबर हा विश्वेश्वरय्यांचा जन्मदिवस. त्यांचं इंजिनिअरिंगचं शिक्षण पुण्यात झालं आणि उमेदीची वर्षं मुंबई इलाख्यात गेली. तरी आमच्याकडच्या भाषणांत दरवर्षी फक्त रेल्वेत बसल्या-बसल्या रुळाचा आवाज ओळखल्याची ती गोष्ट. एका वर्षी सिव्हिलच्या मुलानं प्रश्नोत्तरात उठून विचारलं, “सर, १९०३ साली त्यांनी खडकवासल्याला बसवलेली दारं आपोआप उघडायची म्हणजे नेमकी कशी?” व्यासपीठावर शांतता. पाहुण्यांनी वेळेअभावी आवरतं घेतलं. प्रश्न मात्र आमच्या भागाला जवळचा आहे. राधानगरीचे सात स्वयंचलित दरवाजे दर पावसाळ्यात उघडतात, प्रत्येकातून १४२८ क्युसेक पाणी सुटल्याची बातमी येते आणि पंचगंगेकाठची गावं त्या बातमीवर सामान हलवायचं की नाही ते ठरवतात. तो आकडा इथं पोराटोरांना पाठ आहे. दरवाजा का उघडतो, हे मात्र फारसं कुणी विचारत नाही.

त्या मुलानं आणि त्याच्या दोन मैत्रिणींनी हायड्रॉलिक्स लॅबमधल्या काचेच्या टाकीत मॉडेल करायला घेतलं. तत्त्व सोपं: एका बाजूला पाण्याचा दाब, दुसऱ्या बाजूला प्रतिभार, ठरलेल्या पातळीच्या वर पाणी गेलं की पारडं फिरतं, दार उघडतं, पाणी उतरलं की परत मिटतं. ना वीज, ना माणूस. त्यांचं दार उघडायचं झकास. मिटायचं नाही. पाणी उघडण्याच्या पातळीच्या कितीतरी खाली गेलं तरी तसंच आ वासून. ‘अडलंय कुठं?’मध्ये हे गेलं, आणि पाटबंधारे खात्यातून निवृत्त झालेले एक गृहस्थ एसटीनं थेट कॉलेजातच आले. टाकीपाशी खुर्ची टाकून बसले, दार हातानं दोन-तीनदा वरखाली केलं आणि म्हणाले, बिजागरी फार घट्ट आहे. खऱ्या धरणावरही घर्षण असतंच, पण तिथं भार इतका प्रचंड की त्यापुढं ते किरकोळ. तुम्ही दार लहान केलंत. घर्षण त्या प्रमाणात लहान झालं नाही. मुलांनी बिजागरीत बारीक बॉल बेअरिंग घातली. दार मिटायला लागलं, मग गळायला लागलं. गळतीवर अजून काम चालू आहे.

या गृहस्थांना आम्ही पुढच्या अभियंता दिनाला पाहुणे म्हणून बोलावलं. त्यांनी भाषण केलं नाही, फळ्यावर दार काढलं. संस्थेच्या सचिवांना कार्यक्रम थोडा रुक्ष वाटला. मुलं मात्र उठेनात.

रकान्याला विरोध संपलेला नाही. प्लेसमेंटचे सर म्हणतात, कंपनीची माणसं हे वाचून काय म्हणतील? मी त्यांना म्हणालो, कंपनीत रोज सकाळी पहिली बैठक हीच असते, काय अडलंय त्याची. ते हसले, पण त्यांना पटलं असं काही नाही. तडजोड म्हणून प्रवेशाच्या काळात पालकांना वाटायचा अंक वेगळा निघतो, त्यात हे पान नसतं. तेवढं मी मान्य केलंय. पगार माझाही त्याच प्रवेशांवर आहे. आणि यातून सगळंच सुटतं असंही नाही. आयटीवाल्या मुलांच्या अडचणी छापायला घेईपर्यंत जुन्या होतात, आणि केमिकलची एक अडचण सलग चार अंकांत गेली, एकही पत्र आलं नाही.

येत्या अंकासाठी पहिल्यांदाच कार्यालयातून नोंद आली आहे. हॉस्टेलच्या वॉर्डननी लिहून दिलं: बोअरची मोटार सकाळी आंघोळीच्या वेळेलाच ट्रिप होते, दुपारी व्यवस्थित चालते, मेकॅनिकनं स्टार्टर बदलून पाहिला, उपयोग नाही. मी ते टाइप करून प्रूफाला लावलं. इलेक्ट्रिकलच्या मॅडमच्या नजरेला पडलं आणि त्या प्रूफ हातात घेऊनच माझ्या केबिनमध्ये आल्या. “आमच्या विभागापासून शंभर पावलांवरची मोटार, आणि तुम्ही शिरोलीकरांना विचारताय?” मी म्हटलं, नोंद आली ती छापायची, असा नियम आहे. त्या म्हणाल्या, छपाईला जायच्या आत चालू करून दाखवते, ओळ काढायची तयारी ठेवा. काल सकाळी सहाला तिसऱ्या वर्षाची सहा मुलं व्होल्टमीटर घेऊन बोअरपाशी उभी होती. त्या वेळेला हॉस्टेलभर गिझर चालू असतात आणि एका फेजचं व्होल्टेज बरंच खाली जातं, एवढं त्यांना सापडलंय. आता तीन फेजवरचा भार सारखा वाटायचा म्हणजे हॉस्टेलचा जुना वायरिंगचा नकाशा हवा, आणि तो कुणाकडेच नाही. अंक शुक्रवारी छपाईला जातो.